पेट्रोल परवडत नाही

जर्मनीतल्या आमच्या वोल्फ्सबुर्गमध्ये रस्त्यावर पायी चालणारा माणूस दिसला, की लोकांना आधी त्याची गाडी बिघडली असं वाटतं. गावच गाड्यांचं. कारखान्याच्या चार उंच चिमण्या, त्यांच्या पायाशी कालवा, आणि अलीकडे ऐसपैस रस्ते. शिफ्ट सुटली की त्या रस्त्यांवर गाड्याच गाड्या. घरटी एक माणूस कारखान्यात आणि घरटी एक तरी गाडी त्याच कारखान्याची. माझा नवराही तिथेच, इंजिनं तपासायच्या विभागात. एका लिटरमध्ये गाडी आणखी थोडी कशी पळेल, याच काळजीत त्याचा दिवस जायचा. अशा माणसाच्या घरात एका उन्हाळ्यात मी जाहीर केलं, की पेट्रोल परवडत नाही, उद्यापासून आपण पायी जायचं.

खरं सांगायचं तर परवडत होतं. कुरकुरत का होईना, पण परवडत होतं. दोन हजार बारा सालचा तो उन्हाळा. पेट्रोलने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. आमच्या कोपऱ्यावरच्या पंपाच्या उंच पाटीवरचे आकडे दिवसातून कितीदा तरी बदलायचे, आणि जर्मन शेजारी एरवी हवेबद्दल बोलायचे ते आता त्या पाटीबद्दल बोलायला लागले होते. पण म्हणून आमची चूल बंद पडली नव्हती. मी ते वाक्य बोलले ते माझ्या सासऱ्यांसाठी.

सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. आधी सासूबाई गेल्या. पाठोपाठ बाबा पुण्यातल्या घरी बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड छान जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चाला. पण चालू देतंय कोण! माझी नणंद पुण्यातच असते. तिने त्यांना आपल्या घरी नेलं आणि पाणी हातात, ताट हातात, वर्तमानपत्र हातात. जरा उठायला लागले की, "बाबा, तुम्ही बसा." आपल्याकडे सेवा म्हणजे हीच. ज्याच्यावर माया जास्त, त्याला जास्त बसवायचं. बसून बसून त्या माणसाचे पाय काठीसारखे झाले.

नवऱ्याने त्यांचं तिकीट काढताना आपल्याकडचा प्रत्येक मुलगा करतो तेच केलं, व्हीलचेअर सांगून ठेवली. म्हातारी माणसं रांगेत ताटकळू नयेत, भाषा येत नाही तर भलतीकडे जाऊ नयेत, म्हणून धडधाकट आईबापांनाही आपण खुर्चीत घालून आणतो. माझी आई अशीच आली होती. आम्हाला बघताच ती खुर्चीतून टुणकन उठली आणि आमच्याकडे पळत आली. खुर्ची ढकलणारा बिचारा बघतच राहिला. बाबा आले तेव्हा मी त्याच हौसेने पुढे झाले, पण बाबा उठले नाहीत. हात तेवढे पुढे केले. मला ते फार लागलं.

आल्यावर चार दिवस झाले असतील. बाबा टीव्हीसमोर होते आणि नवरा स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताईशी बोललोय. परत गेल्यावर बाबांना तळेगावच्या बाजूला एका ठिकाणी ठेवायचं चाललंय. चांगलं आहे गं. बाग आहे, नर्स आहे, सकाळी प्रार्थना असते."

"वृद्धाश्रम म्हण की सरळ."

"तू शब्दात पकडू नकोस. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. राहणार कसे?"

"त्यांना विचारलंत?"

"सांगितलं. काही बोलले नाहीत."

त्याच्याशी नाही, पण माझ्याशी बोलले. दुसऱ्या दिवशी नवरा कामाला गेला होता, मी मेथी निवडत बसले होते. बाबा शेजारच्या खुर्चीत. एकदम म्हणाले, "सूनबाई, मला माझ्या घरी जायचंय गं. माझ्या ओट्यावर, माझ्या हाताने, उभ्याने चहा करून प्यायचाय." एवढं म्हणाले आणि माझ्या पुढ्यातली मेथीची जुडी ओढून निवडायला लागले. मी मान वर केली नाही. वर बघितलं असतं तर दोघंही रडलो असतो.

माझा स्वभाव असा, की एखादी गोष्ट मनावर घेतली की मग मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. इथे तर बापाचाच प्रश्न होता. संध्याकाळी मी नवऱ्याला बाल्कनीत गाठलं. बाबांसमोर मी त्याला अहो म्हणते, पण भांडायचं असलं की अरे-तुरे.

"ते तीन जिने स्वतःच्या पायांनी चढले तर?"

"अगं, ते हॉलमधून बाथरूमला जाताना भिंत धरतात."

"चढले तर काय, ते सांग."

"चढले तर जातील घरी. मी कशाला अडवेन? पण नाही चढणार गं. तू उगाच त्यांना आशा लावू नकोस."

"ठरलं," मी म्हटलं आणि आत आले.

ठरलं खरं, पण चालवायचं कसं? व्यायाम हा शब्द काढला की बाबांचं नाक फुगायचं. पुण्यात शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी तिसऱ्या दिवशी चहा पाजून वाटेला लावलं होतं. "आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलं मी. कालव्याच्या काठाकाठाने पायी हिंडलोय. मला आता कोण चालायला शिकवणार?" असं म्हणायचे आणि बसून राहायचे. त्या ऐटीखाली भीती होती, पुन्हा पडायची. मला दिसत होती. पण भित्रा म्हटलेलं कुठल्याच पुरुषाला चालत नाही, आणि सासऱ्यांना सून काय म्हणणार?

वाट सापडली ती पेट्रोल पंपावर. रविवारी नवऱ्याने बाबांना गाडीत घालून तळं दाखवायला नेलं, येताना पंपावर थांबलो. इकडे आलेल्या प्रत्येक आईबापाला एक खोड असते. ब्रेड घ्या, बटाटे घ्या, केस कापायला जा, त्यांचा पहिला प्रश्न, "रुपयात किती झाले?" बाबांनी ती उंच पाटी वाचली, ओठ हलवत गुणाकार केला आणि सीटवर ताठ झाले.

"एका लिटरचे?"

"हो बाबा," नवरा म्हणाला.

"आणि काल आपण दूध आणलं ते?"

नवऱ्याने सांगितलं. बाबांनी पुन्हा ओठ हलवले. "अरे, मग दूध पाज की या गाडीला! स्वस्त पडेल!"

नवरा हसला. मी नाही हसले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या माणसाने जन्मभर खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवला, साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवली, त्याला व्यायामाने नाही, पण काटकसरीने कुठेही नेता आलं असतं. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. चहा देताना मी तोंड पाडून म्हटलं, "बाबा, तुम्हाला सांगायला संकोच वाटतो. पण हे पेट्रोल आता खरंच परवडत नाही हो आम्हाला. गाडी नुसती शोभेला उभी आहे. उद्या ब्रेड आणायचाय, मी चालतच जाणार. पण तुम्हाला एकटं घरी ठेवून कशी जाऊ?"

बाबांनी कप रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाले, "मी येईन की बरोबर."

बाबा आल्यापासून नवरा सहकाऱ्याच्या गाडीतून कामाला जायचा आणि आमची गाडी दारात ठेवून जायचा. बाबांना कुठे न्यायचं झालं तर हाताशी हवी म्हणून. तो सोमवारी बाहेर पडल्याबरोबर मी गाडीची किल्ली तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली दडवून टाकली. माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. पाऊस आला, त्यांचं तोंड उतरलं, की मीच विरघळले असते आणि गाडी काढली असती.

बेकरी आमच्या घरापासून अगदी जवळ. मी एकटी गेले तर दूध गॅसवर ठेवून जाऊन यावं इतकी. त्या सकाळी आम्हाला जायला-यायला अख्खी सकाळ पुरली नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने माझा दंड असा घट्ट धरलेला, की संध्याकाळी तिथे वळ दिसत होता. दर विजेच्या खांबापाशी थांबायचं. सिग्नलचा हिरवा माणूस आम्ही निम्म्यावर येईतो लाल व्हायचा आणि सगळ्या गाड्या मुकाट्याने उभ्या राहायच्या. चेहऱ्यावर मी फक्त ब्रेडची काळजी ठेवली. परतताना ब्रेडची पिशवी त्यांनी मला घेऊ दिली नाही. घरी आल्यावर खुर्चीत बसत म्हणाले, "चालतं की!" आणि दोन तास झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात डब्यांचा खडखडाट. बाबा ओट्याशी उभे, गॅसवर आधण. "साखर सापडेना," म्हणाले, "सगळे डबे उघडून झाले. असू दे, आता सापडली." माझ्या तोंडावर आलं होतं, बाबा, तुम्ही बसा. जीभ चावून गप्प राहिले आणि त्यांच्या हातचा चहा प्यायले. साखर फार झाली होती.

मग आम्ही रोज निघायला लागलो. ब्रेड झाला, मग भाजी, मग पोस्ट. काही आणायचं नसलं तरी मी काहीतरी संपवायचे. कोथिंबीर तर मी इतकी संपवली की नवऱ्याला वडीच वडी खावी लागली. हळूहळू माझा दंड सुटला आणि नुसती काठी राहिली.

आणि मग आमच्या मराठी मंडळींनी आम्हाला पाहिलं.

आपल्या लोकांची एक रीत आहे. ओळखीचं माणूस रस्त्यात पायी दिसलं आणि आपण गाडी थांबवली नाही, तर ते तोंड फिरवल्यासारखं होतं. आणि कुणी थांबवली आणि आपण बसलो नाही, तर ते त्याहून वाईट. गावातल्या मराठी घरांत सगळ्यांत वडीलधाऱ्या अशा एक वहिनी होत्या, मायाळू, गणपतीला साऱ्यांना जेवायला बोलावणाऱ्या. त्यांनी एक दिवस आम्हाला पाहून करकचून ब्रेक मारला तो नेमका बसच्या थांब्यावर. मागून बस आली, भोंगा वाजवायला लागली. वहिनींना त्याचं काही नाही. काच खाली करून, "काका! अहो काका, बसा बसा! अगं, तू तरी काय, म्हाताऱ्या माणसाला असं उन्हातान्हाचं!"

बाबांनी एक पाय उचललासुद्धा होता. मी मध्ये आडवी आले. "नको वहिनी. आम्ही चालतोय. पेट्रोल परवडत नाही."

"अगं, पण पेट्रोल माझं जळतंय!"

"तुमचं तरी का जाळायचं?"

वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. मागे बस, पुढे मी. त्या गेल्या. बाबांनी उचललेला पाय खाली ठेवला आणि म्हणाले, "फटकळ आहेस हं तू." मी म्हटलं, "हो." त्यांनी बोलावलं म्हणजे मायेनेच बोलावलं, हे काय मला कळत नव्हतं? पण एकदा बसलो असतो, तर रोज कोणाची ना कोणाची गाडी दारात आली असती. वहिनींकडे मी पुढे गणपतीत मोदक वळायला गेले आणि सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला पाठीत धपाटा घातला आणि डोळे पुसले. पण ती पुढची गोष्ट.

त्या दिवशी मात्र आम्ही घरी पोचायच्या आत बातमी कारखान्यात पोचली. नवरा संध्याकाळी आला तो लालबुंद होऊन. बूट न काढताच सुरू झाला.

"मला आज कॅन्टीनमध्ये तिघांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. एकाने विचारलं, नोकरीबिकरी टिकून आहे ना! लोकांना वाटतंय, मी बापाला गाडीत बसवत नाही!"

"नाहीच बसवत. मी बसवू देत नाही."

"पेट्रोल परवडत नाही म्हणून सांगितलंस तू? मी कुठे काम करतो माहितीये ना तुला?"

"माहितीये की. पेट्रोल कसं वाचवायचं याचाच पगार घेतोस. मग तुझ्या बायकोने ते वाचवलं तर बिघडलं कुठे?"

एरवी हसला असता. त्या दिवशी नाही हसला. त्याचा आवाज बारीक झाला. "ते परत पडले तर? मी ताईला काय सांगू? तुला गंमत वाटते, पण ते माझे वडील आहेत गं. आई गेली तेव्हा मी इथे होतो. बाबा पडले तेव्हाही इथेच होतो. निदान इथे आहेत तोवर तरी मला त्यांना जपू दे."

माझा राग पार निवला, पण हट्ट काही निवला नाही. मी म्हटलं, "जपतोच आहोत आपण. तुझी रीत निराळी, माझी निराळी."

"गाडीची किल्ली कुठे आहे?"

"सापडत नाही."

"म्हणजे?"

तेवढ्यात बाबा भिंत न धरता दारात येऊन उभे राहिले. "अरे, ओरडू नकोस तिच्यावर. बरोबर आहे तिचं. फार महाग आहे पेट्रोल इथे." आणि शांतपणे परत टीव्हीसमोर जाऊन बसले. दुसऱ्या किल्लीने नवरा गाडी काढू शकला असता. त्याने काढली नाही, याबद्दल मी त्याला आजही मानते.

मग मी बाबांना कालव्यावर न्यायला लागले. हा कालवा म्हणजे सरळसोट, दोन्ही काठांना झाडं, बाजूने खडीची वाट, आणि पाण्यातून लांबच लांब मालवाहू बोटी जातात. बाबा पहिल्यांदा बघून थक्क झाले. "कालव्यातून बोटी? आमच्या कालव्यात म्हशी डुंबायच्या!" काठ कुठे ढासळलाय, कडेचे दगड कसे लावलेत, पाणी कुठून सोडत असतील, त्यांचं सुरू व्हायचं ते थांबायचंच नाही. बोलता बोलता किती पुढे आलो हे त्यांच्या लक्षात यायचं नाही, आणि मी लक्षात आणून द्यायचे नाही.

पण एक दिवस तेच अंगाशी आलं. आम्ही पुलाच्या पलीकडे बरेच दूर गेलो होतो. मागून एक सायकल आली, घंटी वाजवून अगदी जवळून गेली. बाबा दचकले, काठी खडीत सरकली, तोल गेला. मी धरलं. पडले नाहीत. पण बाकावर बसवलं तरी माझा दंड सोडेनात.

"त्याला फोन कर," म्हणाले. "गाडी घेऊन ये म्हणावं."

"इथे गाडी येत नाही बाबा. नुसती पायवाट आहे."

"पुलापर्यंत येईल. कर फोन. जळू दे आज पेट्रोल."

माझ्या हातात फोन होता. एक बटण दाबलं असतं तर नवरा हातातलं काम टाकून, कुणाची तरी गाडी मागून धावत आला असता, काही बोललाही नसता. आणि त्या दिवसानंतर बाबा पुन्हा उंबऱ्याबाहेर पडले नसते. हे मला त्या बाकावर स्वच्छ दिसत होतं.

"नाही करणार," मी म्हटलं.

"सूनबाई!"

"नाही करणार बाबा. हवा तेवढा वेळ बसू. अंधार पडेपर्यंत बसू. पण घरी जाऊ ते चालत."

"परत पडेन गं मी!" हे त्यांनी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. "तुला नाही माहीत ते. मी त्या फरशीवर सकाळपासून पडून होतो. हाका मारत होतो. कामवाली येईपर्यंत कोणी आलं नाही. पुन्हा नको ते मला."

"पडलात तर मी उचलेन. नाही उचलता आलं तर शेजारी पडून राहीन. पण फोन करणार नाही."

"निर्दय आहेस तू."

"आहे."

आणि एवढं बोलून मीच भोकाड पसरलं. मला थांबवताच येईना. एक बोट आली आणि गेली, तिच्यावरच्या माणसाने आम्हाला हात केला, आणि बाबांनीच सवयीने त्याला हात केला. मग खिशातून घडी घातलेला रुमाल काढून मला दिला. आम्ही किती वेळ बसलो देव जाणे. शेवटी बाबा काठी रोवून उभे राहिले. "चल," म्हणाले, "स्वयंपाक व्हायचाय तुझा." त्यांनी माझा दंड धरला नाही.

जिन्यांचं काम आमच्या इमारतीतल्या आजींनी केलं. आमचं घर तळमजल्यावर, त्यांचं तिसऱ्यावर, आणि मध्ये लिफ्ट नाही. देवानेच मोजून दिल्यासारखं. आजी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, स्वतःचं सामान दमादमाने स्वतः वर नेणाऱ्या. बाबांना येता-जाता बघायच्या. एकदा त्यांनी खुणा करून म्हटलं, वर या, केक करते. बाबा मला म्हणाले, "विचार, अंडं घालते का?" मी विचारलं. आजींनी डोळे मोठे केले, पण दुसऱ्या दिवशी निरोप आला, सफरचंदाचा केला आहे, बिनअंड्याचा. आता एवढं केल्यावर नाही कसं म्हणणार? पहिल्या दिवशी आम्ही पहिल्या मजल्यावरूनच परत फिरलो आणि आजी केक घेऊन खाली आल्या, जिन्याच्या पायरीवर बसून तिघांनी खाल्ला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत. आजी वरून कठड्यावर वाकून म्हणायच्या, "लांगझाम, लांगझाम!" बाबा खालून म्हणायचे, "हो हो, सावकाशच येतोय!" दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि दोघांचं काही अडत नव्हतं.

जायचे दिवस जवळ आले होते. एका शुक्रवारी नवरा लवकर घरी आला. खाली सहकाऱ्याच्या गाडीतून उतरतोय तोच वरून हाक, "अरे, वर ये! केक आहे!" त्याने मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत आजींच्या टोमॅटोच्या कुंड्यांमध्ये बाबा उभे. नवरा दोन-दोन पायऱ्या टाकत वर पळाला आणि दारात येऊन धापा टाकत उभा राहिला. बाबांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "फार दम लागतो रे तुला. रोज थोडं चालत जा."

मी त्याला एवढंच म्हटलं, "ठरलं होतं आपलं."

"हो," तो म्हणाला. मग रविवारी, ताईशी बोलून झाल्यावर, "पण इथे तू होतीस गं बरोबर. तिथे एकटे कसे? ताई घाबरते. बघू." मला त्या 'बघू'चा इतका संताप आला की मी दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले. आणि परतीच्या तिकिटावरही त्याने व्हीलचेअर सांगितलीच होती.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर आम्ही ट्रेनने गेलो. गाडी नको, म्हणून बाबांनीच हट्ट धरला. सामान देऊन झालं आणि एक माणूस रिकामी खुर्ची घेऊन आला. अदबीने बाबांपुढे उभी केली, पाय ठेवायच्या पट्ट्या खाली केल्या. बाबांनी खुर्चीकडे बघितलं, मग आमच्याकडे. मग हातातली बॅग खुर्चीत ठेवली. बॅगेवर कोट ठेवला. पट्टा ओढून बॅगेला नीट बांधलं. आणि त्या माणसाला मराठीत म्हणाले, "चला."

आणि काठी टेकत चालायला लागले. तो बिचारा गोंधळून खुर्ची ढकलत मागे. नवऱ्याचा हात आपोआप पुढे गेला, त्यांना धरायला. मी त्याचा शर्ट मागून पकडून ठेवला. लांबच लांब गुळगुळीत फरशी, घाईघाईने आडवी जाणारी माणसं, चाकांच्या बॅगा. एकदा एक माणूस अगदी समोर आला, बाबा थांबले, त्याला जाऊ दिलं, आणि पुन्हा निघाले. वळणापर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही. वळणावर मात्र काठी उचलून दाखवली.

नवरा रडत होता. भर गर्दीत, लपवायचं न सुचून. तसाच त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, बाबांना त्यांच्या घरी सोड. नाही, तुझ्याकडे नाही, तळेगावलाही नाही. त्यांच्या घरी. अगं, चढतील. मी सांगतोय ना, चढतील." मी त्याचा शर्ट सोडला.

दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. मी घाईघाईने विचारलं, "बाबा, जिना?"

"चढलो. दुसऱ्या मजल्यावर जोशात होतो, तिसऱ्यावर जरा दम खाल्ला. तुझी नणंद मागे हात पसरून, झेल घ्यायला उभी असल्यासारखी." मागे भांड्याचा आवाज येत होता. चहा उकळत असावा. "आज सकाळी तिने गाडी पाठवली होती, मला बँकेत न्यायला. परत पाठवली."

"का हो?"

"का म्हणजे? पेट्रोल किती महाग झालंय!"

मी हसले, तेही हसले. मग म्हणाले, "आणि ती किल्ली आता डाळीतून काढ बाई. आमटीत शिजेल एखाद्या दिवशी."

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. साखर शोधताना सापडली. परत नीट डाळीत पुरून ठेवली मी."